उंदीर शांत झाला की आजारी पडला?

मॅनिया (अति उत्साह आणि चंचलतेचा आजारी टप्पा) आणि बायपोलर आजार (मॅनिया आणि नैराश्य यांचे आलटूनपालटून टप्पे) यांवरच्या प्राणी-प्रयोगांविषयी मागच्या काही महिन्यांत आलेली पत्रं या वेळच्या प्रश्नोत्तरांत घेतली आहेत. बरीचशी एम.फार्म.च्या विद्यार्थ्यांची, काही रुग्णांच्या घरच्यांची, तर एक-दोन या प्रयोगांवर चिडलेल्यांची. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

उंदराला मॅनिया झालाय हे ठरवता कशावरून? तो काही ‘मी जगाचा राजा’ असं सांगत नाही. – जीवशास्त्राच्या शिक्षिका, सातारा

मॅनिया झाला असं ठरवतच नाहीत. शोधनिबंधांत ‘मॅनियासदृश वर्तन’ असा सांभाळून शब्द वापरतात तो त्यामुळेच. बढाया, डोक्यात विचारांची गर्दी, उधळपट्टी हे उंदरात मोजता येत नाही. मोजता येतं ते एवढंच : तो किती धावतो, किती झोपतो, धोका किती पत्करतो, गोडाच्या किंवा नशेच्या मागे किती लागतो, पिंजऱ्यात आलेल्या परक्या उंदरावर किती तुटून पडतो, आणि लिथियम (मॅनियावरचं जुनं, मुख्य औषध) दिल्यावर यातलं काय बदलतं.

प्रत्येक मोजणीत एक फट असते. उदाहरणार्थ, अधांतरी चक्रव्यूह : जमिनीपासून साधारण अर्धा मीटर उंचीवर अधिकच्या चिन्हासारख्या चार पट्ट्या, दोन भिंतींच्या आणि दोन उघड्या. उघड्या पट्टीवर जास्त जाणारा उंदीर धाडसी मानला जातो. पण मुळात जास्त धावणारा उंदीर चारही पट्ट्यांवर जास्तच जाणार. म्हणून उघड्या पट्टीवरच्या फेऱ्यांचा नुसता आकडा देऊन भागत नाही. एकूण फेऱ्यांतला तिचा टक्का आणि तिथे घालवलेला वेळ, दोन्ही द्यावे लागतात. पाण्यात पोहायला लावायच्या चाचणीचंही तेच. हात-पाय जास्त मारणारा उंदीर ‘कमी निराश’ म्हणून नोंदला जातो, पण तो फक्त चुळबुळ्या असू शकतो. एका चाचणीवर मॅनिया ठरवणारा निबंध आम्ही तरी बाजूला ठेवतो.

आमच्या प्रयोगात ॲम्फेटामिन (उत्तेजक द्रव्य) देऊन उंदरांची धावाधाव वाढवली. वनस्पतीचा अर्क दिल्यावर ॲक्टोफोटोमीटरचा (हालचाल मोजणाऱ्या पेटीचा) आकडा निम्म्यावर आला. अर्क ‘मॅनियाविरोधी’ आहे असं प्रबंधात लिहू का? – एम.फार्म. (फार्माकॉलॉजी) दुसरं वर्ष, पुणे जिल्हा

एवढ्यावर लिहू नका. असाच प्रश्न विचारणारी आणखीही पत्रं आहेत, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

आधी कागद. संस्थेच्या प्राणी-नीती समितीने मंजूर केलेला फॉर्म बी (प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज) प्रयोग सुरू होण्याआधी हातात हवा. ॲम्फेटामिन १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतं, त्यामुळे खरेदी, साठा आणि वापराची नोंद मिलिग्रॅमपर्यंत जुळली पाहिजे. बरीच कॉलेजं केटामिनकडे (भुलीच्या औषधाकडे) वळली आहेत, पण आता तेही याच कायद्याखाली येतं. २५ मिग्रॅ/किलो दराने रोज एकदा, आठवडाभर किंवा थोडं जास्त दिल्यावर रॅटची (प्रयोगशाळेतल्या मोठ्या जातीच्या उंदराची) धावाधाव वाढते. ते चालतं, पण केटामिनचं काम मुख्यतः ग्लुटामेट या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनाच्या एनएमडीए ग्राहकावर आहे आणि ॲम्फेटामिनचं डोपामिन या दुसऱ्या संदेशवाहकावर. एकाचे निष्कर्ष दुसऱ्याला चिकटवू नका.

आता डोस. ‘२ मिग्रॅ/किलो’ लिहिताना क्षाराचं वजन की मूळ ॲम्फेटामिनचं, हे स्पष्ट करा. डेक्स्ट्रोॲम्फेटामिन सल्फेटच्या वजनात मूळ द्रव्य सुमारे ७३ टक्केच असतं. मूळ द्रव्याचा २ मिग्रॅ/किलो डोस हवा असेल, तर सल्फेट सुमारे २.७ मिग्रॅ/किलो लागेल. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत, तेव्हा आधी हे तपासावं. आणि डोस वाढवला की धावाधाव वाढतच जाते असंही नाही. एका मर्यादेपलीकडे उंदीर एका कोपऱ्यात बसून सतत हुंगतो, चाटतो, डोकं खालीवर करतो. म्हणजे औषधाचा परिणाम वाढला, पण फिरणं घटलं. अशा वेळी एखादं औषध ही चाळवाचाळव कमी करून उंदराला पुन्हा फिरायला लावतं आणि आकडा वाढतो, किंवा याच्या उलट घडतं. म्हणून आकड्याच्या सोबत प्रत्येक प्राण्याकडे डोळ्यांनी पाहून शेरा लिहा.

ॲक्टोफोटोमीटर हे यंत्र बिचारं भोळं आहे. किरण तुटला की एक मोजायचं, एवढंच त्याला कळतं. उंदीर किरणाच्या रेषेत बसून मिशा साफ करत असेल, तरी आकडा पळत राहतो. रोज सुरुवातीला रिकाम्या पेटीत पाच मिनिटं यंत्र चालू ठेवा. आकडा शून्यच राहिला पाहिजे. मग प्रत्येक किरणातून पेन्सिल फिरवून पाहा. फोटोसेलवर भुसा आणि लघवीचे डाग बसले की एखादा किरण मुका होतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. दोन प्राण्यांच्या मध्ये पेटी ७० टक्के अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. आधीच्या उंदराचा वास आणि ओल्या अल्कोहोलचा वास, दोन्हींनी पुढचा प्राणी बिथरतो. ॲम्फेटामिन टोचण्याआधी उंदराला अर्धा तास त्याच पेटीत राहू द्या. नाहीतर तुम्ही नव्या जागेचं कुतूहल मोजाल, औषधाचा परिणाम नाही. त्यानंतर एकच दहा मिनिटांचा आकडा घेऊ नका. दहा-दहा मिनिटांच्या नोंदी किमान तासभर घ्या.

गट पाच हवेत : सलाइन आणि सलाइन, सलाइन आणि ॲम्फेटामिन, लिथियम आणि ॲम्फेटामिन, अर्क आणि ॲम्फेटामिन, आणि बहुतेक प्रबंधांत गळालेला पाचवा, अर्क आणि सलाइन. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या पाचव्यात आहे. अर्काने साध्या उंदराचीही हालचाल तेवढीच घटत असेल, तर अर्क गुंगी आणतोय, स्नायू ढिले करतोय किंवा पोटात दुखवतोय. डायझेपाम आणि हॅलोपेरिडॉल ही शांत करणारी औषधंही हा आकडा खाली आणतात. त्याच डोसवर रोटारॉडही करा. फिरत्या दांड्यावरून उंदीर लवकर पडत असेल, तर तो डोस या दाव्यासाठी निकामी आहे.

चौदा दिवसांची मांडणी जमली तर उत्तम. रॅटमध्ये ॲम्फेटामिन १४ दिवस, त्यातले शेवटचे सात दिवस सोबत औषध, ही झाली ‘उलटवण्याची’ मांडणी. आधी सात दिवस औषध आणि पुढचे सात दिवस दोन्ही, ही ‘रोखण्याची’. ब्राझीलमधल्या गटांनी ही पद्धत रूढ केली. पहिली दवाखान्यातल्या स्थितीच्या जास्त जवळ आहे, कारण रुग्ण मॅनिया सुरू झाल्यावरच येतो.

कोणत्या पिंजऱ्याला काय दिलंय हे मोजणाऱ्याला माहीत नसावं. चिठ्ठ्या टाकून गट पाडा. पिंजऱ्यातून हाताला आधी लागतो तो उंदीर बहुधा मंद असतो, त्यामुळे ‘पहिले सहा नियंत्रण गटात’ केलं की सुरुवातीलाच पक्षपात झाला.

लिथियमच्या गटातले रॅट हगवणीने वाळतात, पिंजरे सतत ओले, दोन मेलेसुद्धा. निबंधातलाच डोस दिला होता. चूक कुठे? – संशोधन सहायक, नागपूर

पहिली शंका क्षाराची. निबंधांत अनेकदा नुसतं ‘लिथियम ४७.५ मिग्रॅ/किलो, दिवसातून दोनदा’ असतं. लिथियम क्लोराइडच्या ४२.४ मिग्रॅमध्ये १ मिलिमोल लिथियम असतं, तेवढंच लिथियम कार्बोनेटच्या ३६.९ मिग्रॅमध्ये. म्हणजे ४७.५ मिग्रॅ क्लोराइडमधून १.१२ मिलिमोल मिळतं आणि कार्बोनेटमधून १.२९. दर डोसला सुमारे १५ टक्के फरक, तोही दिवसातून दोनदा. शिवाय क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं. उघड्या बाटलीतलं ओलसर क्लोराइड वजन केलं की डोस कमी पडतो, नवी बाटली फोडली की एकदम जास्त. बाटली शोषकपात्रात (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा. कार्बोनेट पाण्यात जेमतेम विरघळतं (साधारण तापमानाला १०० मिलिलिटरमध्ये १.३ ग्रॅमच्या आसपास). गढूळ द्रावण टोचलं की पोटाच्या आवरणाला दाह होतो.

दुसरं कारण मीठ. मूत्रपिंड सोडियम आणि लिथियम यांच्यात फारसा भेद करत नाही. शरीरात सोडियम कमी पडलं की ते वाचवण्याच्या नादात लिथियमही अडकून राहतं आणि पातळी चढते. हगवण लागली की सोडियम जातं, लिथियम साठतं, त्याने हगवण आणखी वाढते. खाद्यातून लिथियम देताना (०.२ टक्के क्लोराइडपासून सुरुवात, सोसलं तर पुढे ०.४) साध्या पाण्याच्या बाटलीशेजारी मिठाच्या पाण्याची दुसरी बाटली लावायची ती यासाठी. प्राणी गरजेप्रमाणे स्वतः निवडतो. ओले पिंजरे अपेक्षितच आहेत, लिथियमने लघवी फार होते. भुसा रोज बदला आणि कोणाच्याही बाटलीत पाणी संपू देऊ नका. सुट्टीच्या दिवशी रिकामी राहिलेली एक बाटली प्राणी मारायला पुरते. वजन रोज घ्या. सुरुवातीच्या वजनाच्या १५ टक्क्यांहून जास्त घट झाली, तर त्या प्राण्याचं लिथियम थांबवा.

तिसरी गोष्ट, तुम्ही रक्तातली पातळी दिलेली नाही. ती मोजल्याशिवाय हा प्रयोग अंधारातला आहे. माणसात ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर ही नेहमीची उपचार-पातळी, १.५ च्या वर विषबाधेची भीती. प्राण्यातही साधारण याच पट्ट्यात राहायचं. माणसात लिथियम निम्मं व्हायला जवळपास दिवस लागतो, उंदीर-रॅटमध्ये काही तासच. त्यामुळे माणसासाठीचा ‘शेवटच्या डोसनंतर १२ तास’ हा नियम इंजेक्शन दिलेल्या रॅटला लावला, तर हाती फारसं काही लागत नाही. रक्त वर्तन-चाचणीच्या वेळीच घ्या आणि ती वेळ निबंधात लिहा.

आणि रक्ताची नळी! हिरव्या झाकणाच्या कितीतरी नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपॅरिन असतं. अशा नळीत घेतलेल्या रक्तात लिथियमचा कणही न घेतलेल्या प्राण्याची पातळी ‘उपचार-पट्ट्यात’ दिसते. सीरमसाठी साधी नळी घ्या आणि लेबल वाचा. झाकणाचा रंग पाहून ठरवू नका.

शेवटचा मुद्दा तुम्ही विचारला नाही, पण तुमच्या आराखड्यात गोड पाण्याच्या पसंतीची चाचणी दिसते. लिथियम क्लोराइड हे रॅटला मळमळ आणण्याचं प्रयोगशाळेतलं जुनं हत्यार आहे. नवी चव चाखवून लगेच सुमारे ३ मिलिमोल/किलो टोचलं, की रॅट त्या चवीकडे पुन्हा फिरकत नाही. रॅटला ओकता येत नाही, मळमळलं की तो चिनीमाती खातो. तुमचा डोस याहून कमी असला तरी दिवसातून दोनदा आहे. गोड पाणी पिणं घटलं ते ‘सुखाची हाव’ कमी झाल्याने की पोट ढवळल्याने, हे चिनीमातीचं एक भांडं ठेवल्याशिवाय सांगता येणार नाही.

लिथियमचा शोध गिनीपिगवरच्या प्रयोगातून लागला हे खरं का?

खरं आहे, फक्त सरळ वाटेने नाही. ऑस्ट्रेलियाचे मनोविकारतज्ज्ञ जॉन केड यांना मॅनिया हा शरीरातल्या एखाद्या विषाचा परिणाम वाटत होता. त्यांनी रुग्णांची लघवी गिनीपिगच्या पोटात टोचून पाहिली. युरिक ॲसिडचा त्यात काय वाटा हे तपासायचं होतं, पण ते पाण्यात नीट विरघळत नाही. त्याचा विरघळणारा क्षार म्हणून लिथियम युरेट घेतलं. प्राणी अनपेक्षितपणे सुस्त झाले. मग नुसतं लिथियम कार्बोनेट दिलं, तरी तेच : दोनेक तासांनी गिनीपिग मलूल, ढोसलं तरी हलेनात, थोड्या वेळाने पूर्ववत. केड यांनी स्वतः घेऊन पाहिलं आणि मग मॅनियाच्या दहा रुग्णांना दिलं. निबंध १९४९ चा.

ती सुस्ती बहुधा लिथियमच्या विषबाधेची होती, असं आज बहुतेक जाणकार मानतात. म्हणजे गिनीपिगवरून काढलेला अर्थ चुकीचा, औषध मात्र अचूक. केड यांच्या चिकाटीचं आणि नशिबाचं कौतुक करावं, पद्धत म्हणून गिरवू नये. त्याच वर्षी अमेरिकेत लिथियम क्लोराइड मिठाला पर्याय म्हणून विकलं जात होतं. मीठ बंद असलेल्या हृदयरुग्णांनी ते खाल्लं आणि काही दगावले. वर नागपूरच्या उत्तरात सांगितलेलं सोडियमचं गणित तेच. या धसक्यामुळे अमेरिकेत लिथियमला मान्यता मिळायला १९७० उजाडलं.

जनुक बदलून ‘बायपोलर उंदीर’ तयार केलाय असं वाचलं. मग औषध का सापडत नाही? – ठाणे

असे उंदीर बरेच आहेत. सगळ्यांत गाजलेला ‘क्लॉक’ जनुकात बिघाड असलेला. हा बिघाड १९९४ मध्ये शरीरातल्या घड्याळाच्या अभ्यासासाठी शोधला होता. मॅनियाशी त्याचा संबंध २००७ मध्ये दाखवला गेला. हे उंदीर जास्त धावतात, कमी झोपतात, उघड्या जागेला घाबरत नाहीत, साखरेला आणि कोकेनला जास्त भुलतात. पिण्याच्या पाण्यातून लिथियम दिल्यावर यातलं बरंच सामान्य होतं. मेंदूच्या मधल्या भागातल्या डोपामिन पेशींत चांगलं ‘क्लॉक’ परत घातल्यावरही धावाधाव उतरते. एकाच उंदरात इतकी लक्षणं एकत्र दिसणं ही मोठी गोष्ट होती.

दुसरं उदाहरण आम्हाला जास्त शिकवणारं वाटतं. शँक-३ प्रथिन गरजेपेक्षा जास्त बनवणारे उंदीर (२०१३) मॅनियासारखेच वागतात, पण व्हॅल्प्रोएट या मॅनियावरच्या दुसऱ्या औषधाने ताळ्यावर येतात आणि लिथियमने नाही. रुग्णांतही असे लोक असतातच. लिथियमला दाद न देणारा उंदीर ‘नापास’ म्हणून फेकून द्यायची सवय लागली असती, तर हा हातचा गेला असता. आणि उलट, फक्त लिथियमला दाद देणारीच मॉडेलं पास करत राहिलो, तर सापडणारं नवं औषध लिथियमचाच भाऊ निघणार.

खरी अडचण पुढे आहे. बायपोलर म्हणजे चढ आणि उतार, मध्ये महिनोन् महिने बरे. वरचे उंदीर जन्मभर एकाच स्थितीत असतात. आपोआप दोन्ही टोकांना जाऊन परत येणारा सर्वमान्य उंदीर आजवर नाही. जपानमध्ये तादाफुमी कातो यांच्या गटाने मायटोकाँड्रियाच्या (पेशीला ऊर्जा देणाऱ्या भागाच्या) डीएनएत दोष साठणारे उंदीर केले. त्यांच्यात अधूनमधून आपोआप मंदावण्याचे, नैराश्यासारखे टप्पे येतात. चढ मात्र नाही. डोपामिन परत शोषणारं प्रथिन कमी असलेल्या उंदरांना दिवस-रात्रीची लांबी बदलून दोन्हीकडे ढकलता येतं का, हेही पाहिलं जातंय. रुग्णांत ऋतू बदलताना आजार उलटतो, त्यामुळे ही वाट आम्हाला आशेची वाटते.

रॅटला पाण्यातल्या चबुतऱ्यावर तीन-तीन दिवस झोपू देत नाहीत. हा छळ कशासाठी? – कोल्हापूर

पद्धत अशी : टाकीत पाणी, मध्ये रॅटसाठी सुमारे ७ सेंटिमीटर व्यासाचा चबुतरा. साधी डुलकी त्यावर घेता येते, पण स्वप्नांच्या झोपेत स्नायू पूर्ण ढिले पडतात, तोंड पाण्याला लागतं आणि जाग येते. ७२ तासांनी पिंजऱ्यात परत ठेवल्यावर थकलेला रॅट लगेच झोपत नाही. सुमारे अर्धा तास तो चवताळल्यासारखा फिरतो, भांडतो. झोप मोडल्याने मॅनिया उसळणं रुग्णांत नेहमी दिसतं, म्हणून ही मांडणी.

तुमचा राग अनाठायी नाही. पाण्याची भीती, ओल, थंडी आणि एकटेपणा हे सगळे ताण झोपेच्या तुटीत मिसळतात. तुलनेसाठी मोठ्या चबुतऱ्याचा गट ठेवतात, पण तोही ओलाच असतो. त्यातून अनेक ठिकाणी वजन करणं, टोचणं, खोली बदलणं यात तो अर्धा तास निघून जातो, आणि मोजला जातो तो झोपू पाहणारा रॅट. एवढा त्रास देऊन शून्य माहिती! नीती समितीत अशा अर्जाला आमचा पहिला प्रश्न हाच असेल : हेच उत्तर क्लॉक उंदराच्या झोपेच्या नोंदीतून मिळत नाही का? प्रयोग करायचाच असेल, तर एका टाकीत अनेक चबुतरे आणि ओळखीचे रॅट एकत्र, पाणी कोमट, खाद्य हाताशी, आणि मोजणीची पेटी टाकीच्या शेजारीच.

भावाला लिथियम लागू पडलं नाही. उंदरांच्या या अभ्यासाचा त्याला काय उपयोग? – पनवेल

आज थेट काही नाही. त्याच्या जवळचं काम पेशींवर झालं आहे : २०१५ मध्ये रुग्णांच्या त्वचेच्या पेशींपासून चेतापेशी बनवल्या. त्या अति उत्तेजित निघाल्या, आणि लिथियमने शांत झाल्या त्या फक्त लिथियम लागू पडणाऱ्या रुग्णांच्या. यावरून डॉक्टर आज औषध निवडू शकत नाहीत. पण व्हॅल्प्रोएट, क्वेटियापिन, लॅमोट्रिजिन असे दुसरे मार्ग आहेत, ते त्यांच्याशी बोला. स्वतःहून काही बंद करू नका. तो अजून लिथियम घेत असेल, तर कडक उन्हात पाणी कमी पडू देऊ नका, निर्जळी उपवास आणि अचानक मीठ सोडणं टाळा, अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय देऊ नका. या सगळ्यांनी पातळी चढते.

उंदरांऐवजी माणसांनाच त्या पेटीत सोडून का पाहत नाहीत?

पाहिलं आहे. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात उंदरांच्या पेटीची माणसाएवढी आवृत्ती केली : अनोळखी खोली, थोडं सामान, हाताळाव्याशा वाटणाऱ्या वस्तू, वर कॅमेरा. रुग्णाला १५ मिनिटं थांबायला सांगायचं, एवढंच. मॅनियातले रुग्ण जास्त फिरले, वस्तू जास्त हाताळल्या, आणि त्यांचं चालणं सरळ रेषांत जास्त होतं. मग हीच मोजमापं उंदरांवर लावली. डोपामिन परत शोषणारं प्रथिन कमी असलेले उंदीर आणि ते प्रथिन औषधाने अडवलेले उंदीर या नकाशाशी बरेच जुळले. ॲम्फेटामिन दिलेले उंदीर धावले भरपूर, पण नकाशा तेवढा जुळला नाही. निबंध २००९ चा आहे. आपल्याकडे ॲक्टोफोटोमीटर आणि ॲम्फेटामिनची जोडी अजूनही पहिली निवड आहे, त्याचं कारण इतकंच की दोन्ही स्वस्त आहेत. छतावर साधा वेबकॅम लावून चालण्याची रेषा नोंदवली, तर त्याच प्रयोगातून दुप्पट माहिती निघेल.